हॉलमधली पिवळी पट्टी

हमरिया फ्री झोनच्या गोदामात मी स्टोअरकीपर. कमी जागेत जास्त माल बसवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असा माझा समज. १९९८ साली शारजात रत्नागिरीच्या बदरुद्दीनबरोबर शेअरिंगमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा हॉलच्या मधोमध गोदामातली पिवळी टेप मीच चिकटवली. अलीकडे आम्ही, पलीकडे ते.

पहिल्या गणपतीला मखरासाठी बदरुद्दीननी आपणहून सोफा मागे ओढला. बाप्पा गेले, मखराचं टेबल राहिलं. ते टेपच्या पलीकडे दिसायला वाईट, म्हणून मी टेप सरकवली. मग माझ्या लेकीच्या, मिहिकाच्या पुस्तकांचं कपाट आलं. मग ट्रेडमिल; तिच्यावर मी एकूण दोनदा चाललो. तिच्यापायी पलीकडचं इन्शाचं अभ्यासाचं टेबल गेलं आणि बदरुद्दीनची ती पोर पलंगावर पाट घेऊन दहावीचा अभ्यास करू लागली. बदरुद्दीन काही बोलत नसत. त्याला मी समजूतदारपणा म्हणायचो. माझ्या बायकोच्या, अपर्णाच्या ऑपरेशनच्या वेळी रुकय्यावहिनींनी महिनाभर आमचं घर सांभाळलं होतं; परमुलखात आम्हाला दुसरं होतं कोण?

२००२ मध्ये मिहिकाने इतिहासातला ‘लेबेन्सराउम’ हा जर्मन शब्द विचारला. शिकवायची संधी मी सोडतो होय? अर्थ साधा, राहण्याची जागा. पण नाझी म्हणाले, आमच्या माणसांना जागा हवी, म्हणून पूर्वेकडची जमीन आमची. तिथल्यांना हाकला, मारा. लाखो माणसं मेली. “म्हणजे आपल्या गरजेलाच हक्क म्हणायचं, बाळा,” मी भाषण संपवलं.

मिहिकाने टेपकडे पाहिलं. “लाइक अवर हॉल, पप्पा?”

कुठे तो नरसंहार आणि कुठे माझी ट्रेडमिल, म्हणून मी तिच्यावर डाफरलो. पण जेवण काही गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी ट्रेडमिल जिन्यात काढली, टेप उखडली आणि मोठ्या दिलदारपणे बदरुद्दीनना बोलवायला गेलो. आत रुकय्यावहिनी खोकी बांधत होत्या. अजमानला घर मिळालं होतं. तिथे इन्शाचं टेबल मावणार होतं.

माझा चेहरा उतरला. सगळं मागे घेतो, म्हणालो, पण जाऊ नका. आधी एकदा सांगायचं तरी होतंत.

बदरुद्दीननी हातातली सुतळी खाली ठेवली.

“टेप सरकते ते पहिल्याच वर्षी दिसलं होतं, सदानंदभाऊ. वाटलं, तुम्ही थांबाल.”