खुर्च्यांवरून चालणारं इंग्रजी

बाईंना बसलेलं कुणी फारसं पाहिलं नव्हतं. चहासुद्धा त्या उभ्याउभ्या घशाखाली ओतत. नवरा म्हणायचा, हिच्या पायांना कुणीतरी किल्ली देऊन ठेवली आहे.

मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायचा त्यांचा वर्ग एका शिंपीकामाच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. फळ्याचा त्यांना कंटाळा. त्याऐवजी भिंतीशी खुर्च्यांची ओळ. पहिली कर्त्याची, दुसरी ‘हॅव’सारख्या मदतनिसाची, शेवटची मुख्य क्रियापदाची. मदतनीस आणि क्रियापद यांच्या मधली खुर्ची ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’ असल्या चुळबुळ्या शब्दांची. मराठीत ‘नेहमी’ कुठंही टेकलं तरी त्याला सहसा कुणी उठवत नाही. इंग्रजीत त्याला जागा धरून बसावं लागतं. एकेका खुर्चीला हात लावत चालायचं आणि चालताचालता वाक्य म्हणायचं. शब्द चुकीच्या खुर्चीवर पडला रे पडला, की बाई ओरडत, “मागं ये.” पद्धत चक्रम खरी, पण लोक शिकत.

त्यांतच एक नर्स होती. वर्षानुवर्षं रात्रपाळ्या. तिची लेक आजीजवळ झोपायची, आणि हल्ली सुटीच्या दिवशीही आईजवळ झोपायला नको म्हणू लागली होती. एका मोठ्या इस्पितळात दिवसपाळीची जागा निघाली, मुलाखत मात्र इंग्रजीत. खुर्च्यांवरून नर्स झरझर चालायची. बाई निर्धास्त होत्या.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बाईंनी टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या, नर्सला समोर बसवलं आणि तिच्या कामाबद्दल इंग्रजीत विचारलं. नर्सनं तोंड उघडलं, मिटलं. नजर भिंतीकडे, टेबलाखाली पाय चाललेले. पुन्हा विचारलं, तरी तेच.

“बाई, बसून नाही येत मला.”

बाईंचं डोकंच फिरलं. ऐनवेळी ही काय थेरं, असं त्यांनी तिला सुनावलंही. नजर तिकडे जाऊ नये म्हणून भिंतीशी असलेल्या खुर्च्या एकावर एक रचून जिन्यात ठेवल्या, येरझाऱ्या घालत पुन्हा प्रश्न विचारला. आता नर्स अर्धं वाक्य बोलून थांबायची आणि बाईंच्या तोंडाकडे बघायची.

“आता काय अडलं?”

“तुम्ही थांबवणार, म्हणून मी आधीच थांबते.”

बाईंच्या येरझाऱ्या थबकल्या. या खोलीत आपण कुणाचं वाक्य शेवटापर्यंत ऐकलंय का, हे त्यांना आठवेना. त्या मुकाट्यानं नर्ससमोर बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

नर्सनं एका म्हाताऱ्या पेशंटची गोष्ट सुरू केली, झोप न येणाऱ्या. पहिल्याच वाक्यात ‘ऑलवेज’ भलतीकडं जाऊन पडलं. बाईंच्या जिभेला अक्षरशः खाज सुटली, गुडघा थडथड उडू लागला.

“चुकलं ना?” नर्सनं विचारलं.

“म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?”

नर्सनं सांगितलं. अडखळत, चुकत, पण शेवटापर्यंत. बाईंनी मांडीखालचे हात तेव्हा कुठं बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी घरात इतक्या फेऱ्या मारल्या की नवरा शेजाऱ्यांकडे जाऊन बसला. अखेर नर्सचा फोन आला. मुलाखत घेणाऱ्यांनी मध्येच दोनदा तोडलं, तरी ती बोलत राहिली होती. जागा मिळाली.

“कुठलं वाक्य चुकलीस?” न राहवून बाईंनी विचारलंच.

ते उद्या सांगते, असं म्हणून नर्सनं फोन ठेवला. आज सुटी होती, लेकीला जवळ घेऊन झोपवून बघायचं होतं.