चाकणच्या बाजारातला सूड

पहिल्या बाळंतपणासाठी मी पिंपरीहून माहेरी, चऱ्होलीला आले तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. माझे यजमान पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागले होते आणि आम्ही तिथेच एका खोलीत राहत होतो. माहेरी आई होती, दादा होता आणि माझ्याहून बरीच मोठी माझी अक्का होती.

अक्का नांदत नव्हती. तिला चाकणच्या पलीकडच्या एका गावात दिली होती. काही वर्षं झाली तरी मूल होईना, तेव्हा सासूनं मुलाचं दुसरं लग्न करायचं ठरवलं. पहिली बायको घरात असताना दुसरी आणायला कायद्यानं बंदी आली होती, म्हणून पंच बसवून काडीमोड घेतली. पारावर चार माणसांसमोर गवताची काडी मोडली, अक्कानं जोडवी काढून दिली, आणि दादा तिला बैलगाडीत घालून घरी घेऊन आला. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही. शेतात राबायची आणि दर बाजाराला कांदे, मेथी, मिरच्या घेऊन चाकणला जायची. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, तेही त्याच बाजाराला येत. काडीमोडीनंतर त्यांना दाजी म्हणायचं की नाही, हे मला कळत नसे. अक्का त्यांना पाहिलं की तोंड फिरवून बसायची, एवढं दादाकडून कळलं होतं.

त्या हिवाळ्यात चाकणच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागला. मी आईला सांगितलं की मला सिनेमाचे डोहाळे लागलेत. सातव्या महिन्यात गाडीचे हिसके नकोत म्हणून आई रागावली. पण अक्कानं गाडीत कडब्यावर दोन गोधड्या अंथरल्या आणि दादाला सांगितलं की बैल हळू चालव. आम्ही दिवेलागणीच्या खेळाला गेलो. मधे कनात लावून बाप्यांची आणि बायकांची बाजू वेगळी केली होती.

सिनेमा हिंदी होता आणि हसवणारा होता. शहरातला एक श्रीमंत नवरा एका फॅशनेबल बाईच्या नादी लागतो आणि कोर्टात जाऊन साध्या बायकोला घटस्फोट देतो. काळ्या डगल्यातले वकील, साक्षी, कागद असं सगळं चाललेलं पाहून माझ्या शेजारची बाई म्हणाली की एवढ्याशा कामाला इतकी माणसं कशाला लागतात. मग ती बायको केस कापून, काळा चष्मा लावून, इंग्रजी बोलत त्याच्याच कचेरीत नोकरीला येते. तो तिच्यावर भाळतो. ती त्याला आपलं कुत्रं सांभाळायला लावते, भर बाजारात नाच करायला लावते. ती दुसरी बाई भारी साडीसकट हौदात पडते तेव्हा सगळा तंबू हसला. शेवटी मांडवात बायको चष्मा काढते, नवरा कान पकडतो आणि दोघांचं पुन्हा लग्न लागतं.

अक्का इतकी हसली की मी तिला तसं हसताना तिच्या लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. शेवटाला मात्र हसली नाही. परतताना गाडीत म्हणाली, "चष्मा घातला म्हणून बायकू वळखू येईना, तर त्यानं तिला आधी कधी नीट बघितलंच नसंल."

पुढच्या बाजाराहून ती आली ती ओट्यावर टोपली टेकवून आधी पोटभर हसली. दाजी तिच्या समोरून गेले तेव्हा तिनं तोंड फिरवलं नव्हतं. उलट हाक मारून विचारलं होतं, "पाव्हणं, कांदा बघा की. कुठल्या गावचं म्हणायचं तुमी?" ते जागीच थांबले. तिनं पुन्हा तेच विचारलं, अगदी परक्या माणसाला विचारावं तसं. आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दाजींनी कसनुसं होऊन गावाचं नाव सांगितलं आणि कांदे घेऊन गेले. त्यांच्या स्वतःच्या शेतातही कांदाच होता.

मला ही मोठी गंमत वाटली. तिनं कोणतं लुगडं नेसावं, अंबाड्यात शेवंती खोवावी की नाही, हे मी घरी बसून ठरवू लागले. दाजी आता दर बाजाराला तिच्यासमोर येऊन उभे राहू लागले. ती दर वेळी नव्यानं ओळख झाल्यासारखी बोलायची. घरी कोण कोण असतं, विहिरीला पाणी किती, असं विचारायची. तेही तिच्या नव्या ओळखीच्या खेळात शिरून उत्तरं देत. हळूहळू तेच तिला विचारू लागले. बी कुठून आणलं, एवढं ओझं एकटी कशी उतरवते, दुपारी जेवली की नाही. अक्का सांगायची की मी नांदत होते तेव्हा एकदासुद्धा या माणसानं मला जेवलीस का म्हणून विचारलं नाही. एकदा त्यांनी गुडीशेवेचा, म्हणजे गुळाच्या गोड शेवेचा, पुडा आणला. तिनं तो त्यांच्यादेखत शेजारच्या म्हातारीला देऊन टाकला. आता ते पाया पडेपर्यंत हे चालवायचं आणि मग सगळ्या बाजारासमोर नाही म्हणायचं, असं आमचं ठरलं होतं.

मला मुलगी झाली. बारशाला नाव ठेवून झालं, त्यानंतर काही दिवसांनी एक तरुण बाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. कडेवर पोर, पायांवर धूळ. आळंदीला आले होते, तशीच पुढं आले, असं म्हणाली. आईनं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं अक्काकडे पाहिलं आणि आपण कोण ते सांगितलं. ती दाजींची दुसरी बायको होती.

मला वाटलं आता भांडण होणार. पण तिचा आवाज चढला नाही. नवरा बाजाराच्या दिवशी जेवत नाही, घरी आला की भिंतीकडे बघत बसतो, असं तिनं सांगितलं. पहिलीला परत आणतो आणि हिची काडी मोडतो, असं तो आपल्या आईला म्हणाला होता, आणि सासू काही बोलली नव्हती. तिला आईबाप नव्हते, चुलत्यानं लग्न लावून दिलं होतं. "काडी मोडली तर मी कुणाच्या दारात जाऊ?" एवढंच तिनं विचारलं. तुमी त्याला नादी लावलं, असं ती म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मला तंबूतली ती हौदात पडलेली बाई आठवली. तिचं पुढं काय झालं हे सिनेमात दाखवलं नव्हतं, आणि आम्हां कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

अक्कानं पोराला मांडीवर घेतलं. ते तिच्या गळ्यातली माळ ओढत होतं. मग तिनं त्या बाईला जेवायला वाढलं, दादाला गाडी जुंपायला सांगितली आणि तिला निरोप देताना म्हणाली, "जा तू. तुझी काडी कुणी मोडणार न्हाई."

त्यानंतरच्या बाजाराला दादा मुद्दाम अक्काबरोबर गेला, म्हणून पुढचं मला त्याच्याकडून कळलं. दाजी नेहमीसारखे आले. तिनं त्यांना हाक मारली नाही, पाव्हणं म्हटलं नाही. बाजूला कडुनिंबाखाली नेलं. दाजी खरंच पाया पडायला वाकले. ज्या क्षणाची आम्ही इतके दिवस वाट पाहत होतो, तो हा होता. तिनं त्यांना वाकू दिलं नाही. म्हणाली, "मी तुमाला वळखत हुते, पहिल्यापासनं. खेळ केला मी. आता तो सरला. जे मला इचारायचं ते घरी जाऊन तिला इचारा." दाजी काहीतरी बोलू पाहत होते, पण ती वळून गेली आणि उरलेला माल दादाच्या हवाली करून गाडीत जाऊन बसली.

त्या दिवसापासून तिनं चाकणचा बाजार सोडला. सगळ्या गावाला वाटलं, हिनं हातचा संसार घालवला. आई तर तसं तोंडावर म्हणाली. मीही एकदा मुलीला पाजत असताना म्हटलं की निदान चार माणसांसमोर नाही म्हणायचं तरी होतंस. अक्का शेंगा फोडत होती. हातातली शेंग फोडून म्हणाली, "बाजाराच्या दिवशी मलाबी जेवण जात नव्हतं, बाई."

सूड घेता घेता तिलाही त्या माणसाचं वेड लागत होतं, आणि आम्ही त्याला गंमत समजत होतो. पोर कडेवर घेऊन ती बाई आली नसती तर अक्का कदाचित परत नांदायलाही गेली असती, आणि सिनेमासारखाच शेवट झाला असता. तो सुखाचा झाला असता का, हे मी अजूनही सांगू शकत नाही. दाजींनी दुसरीला सोडलं नाही, एवढं कानावर आलं. ते तिला काही विचारू लागले की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

अक्का पुढं भाजी घेऊन पिंपरीला येऊ लागली. कारखान्यांच्या आसपास नवी बिऱ्हाडं वाढत होती, माल हातोहात खपायचा. दुपारी माझ्याकडे येऊन पाठ टेकायची. तिथंच दिघीच्या एका विधुराशी तिची ओळख झाली. त्याची जमीन लष्कराकडे गेली होती आणि तो कारखान्यात कामगार म्हणून लागला होता. पदरात दोन मुली होत्या. त्यानं तिला लग्नाचं सरळच विचारलं, आणि तिनं विचार करायला वेळ मागून घेतला. मग एक दिवस मला म्हणाली की तो कमी बोलतो, पण समोरचं बोलणं पुरतं ऐकून घेतो.

अक्काचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागला तो दिघीला, सकाळच्या वेळी, मोजक्या माणसांत. ती हिरवं लुगडं नेसली होती. दोन्ही मुली आधी दाराआड लपल्या. मग धाकटी हळूच पुढं आली आणि अक्काच्या हातातल्या बांगड्या एकेक करून सरकवत बसली. अक्कानं हात तसाच पुढं धरून ठेवला.