शिल्पाबद्दल तातडीचे

महामाया हल्ली बिलोलीत लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते. त्याआधी चार वर्षं ती लातुरात आमच्या क्लासमध्ये होती. तिथलं तिचं काम सांगितलं तर तुम्ही हसाल. पालकांना जे ईमेल जातात, त्यांच्या वरची एक ओळ ती लिहायची. फक्त ती ओळ. आतला मजकूर आमचे संचालक मृत्युंजय सर स्वतः लिहीत, आणि तो कोणी वाचावा अशा लायकीचा नसे.

मी शेजारच्या टेबलावर. माझं नाव गुरुपादप्पा. आधी छापखान्यात होतो, आता क्लासची पत्रकं आणि फ्लेक्स करतो. ती मला अप्पा म्हणायची.

सुरुवातीला तिच्या ओळी फार सरळ असत. ‘जीवशास्त्र चाचणी मालिका, नोंदणी वीस तारखेपर्यंत.’ असा मेल शंभरातले सहा पालक उघडायचे. सर दर सोमवारी तो आकडा सगळ्यांसमोर फळ्यावर लिहीत. “सहा! अहो, सहा जण तर चुकून उघडतात.” ती खाली मान घालून बसायची. मला तिची दया आली आणि मी शहाणपण शिकवायला गेलो. म्हणालो, “पोरी, दुकानावर ‘आत चांगला माल आहे’ लिहून गिऱ्हाईक येत नसतं. आत आपलंच काहीतरी चाललंय असं त्याला वाटलं पाहिजे. लेकराचं नाव टाक.” हे मीच बोललो होतो. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पोरगी हुशार. सहा महिन्यांत ती माझ्या पुढे गेली. ओळ पाच-सहा शब्दांचीच हवी, कारण मोबाइलवर पुढचं कापलं जातं. नाव सगळ्यात आधी. उद्गारचिन्ह टाकलं की लोकांना जाहिरातीचा वास येतो, म्हणून ते नाही. दोन ओळी करायच्या, थोड्या थोड्या पालकांना पाठवून बघायच्या आणि जास्त उघडली जाईल ती बाकीच्यांना. प्रत्येक वेळी भीती घालणारीच ओळ जिंकायची. सर फळ्यावर तीस लिहू लागले, मग चाळीस. तिच्या धाकट्या भावाला, आदर्शला, त्यांनी अर्ध्या फीत क्लासला घेतलं. तिच्या घरी त्या दिवशी खीर झाली असणार.

मग एका गुरुवारी तिने ओळ लिहिली, ‘अमुकबद्दल तातडीचे, आजच संपर्क करा.’ अमुकच्या जागी ज्याच्या त्याच्या लेकराचं नाव यंत्र आपोआप भरतं. तेवीसशे पत्त्यांवर ती ओळ सकाळी अकराला गेली. आत काय होतं? चाचणी मालिकेवर आज रात्रीपर्यंत वीस टक्के सूट. शंभरातल्या एकसष्ट जणांनी मेल उघडला. ऑफिसचे तिन्ही फोन दुपारपर्यंत थांबले नाहीत. सरांनी सगळ्यांना भजी मागवली. मीही खाल्ली.

दुपारी तिच्या वडिलांचा फोन आला. लिंबाजी, बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यात पोस्टमन होते, आता रिटायर. तार आली की दारात उभं राहून आधी ‘घाबरू नका, बरी बातमी हाय’ म्हणायचं आणि मग वाचायचं, अशी त्यांची पद्धत. वाईट बातमी असली तर ते घरात जाऊन बसायचे, पाणी मागायचे आणि मगच बोलायचे. आदर्शचे पालक म्हणून त्यांनाही तो मेल गेला होता. ते म्हणाले, “माया, माझं काळीज तोंडात आलं बग. आत बघतो तर सूट. आसं लिव्हू न्हाई, बाळ.” ती हसली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही उघडलात ना? मग झालं तर.”

शनिवारी रेणापूरहून फोन आला. तो तिनेच उचलला. पलीकडे मन्मथ म्हणून एक जण होता, तिथल्या ऑनलाइन सेंटरचा मालक. आवाज चढलेला.

“मॅडम, शेषेराव गुरुवारीच गेले अन् तुम्ही अजून तातडी तातडी करायलात! आता पुन्हा मेल आलाय, ‘शेषेराव, तुम्ही अजून पाहिले नाही’ म्हणून!”

हा दुसरा मेल कोणी पाठवला नव्हता. ज्याने पहिला उघडला नाही त्याला दोन दिवसांनी यंत्रच आठवण करून देतं.

हळूहळू सगळं कळलं. खेड्यातल्या आई-बापांकडे ईमेल कुठला? प्रवेशाचा अर्ज सेंटरवर भरायचा आणि पत्ता सेंटरवाल्याचाच टाकायचा, ही आमच्याकडची रीत. मन्मथच्या एका पत्त्यावर एक्केचाळीस पालक होते. तो मेल उघडत नसे. वरची ओळ वाचायची आणि ज्याचं लेकरू त्याला फोन लावायचा. पण यंत्र एका पत्त्यावर एकच मेल पाठवतं, यादीतल्या पहिल्या नावाचा, आणि त्याच्या पत्त्यावर पहिलं नाव शिल्पाचं होतं. तिच्या बापाला, शेषेरावांना, त्याने शब्दन् शब्द वाचून दाखवलं. ‘शिल्पाबद्दल तातडीचे, आजच संपर्क करा.’

सतरा वर्षांची पोरगी, लातुरात होस्टेलवर. होस्टेलात पोरींचे फोन रविवारपर्यंत जमा असतात. शेषेराव शेतात होते. त्यांनी क्लासला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. तो कसा लागणार? आमचे फोन वाजत होते ना, आम्ही भजी खात होतो ना. ते तसेच मोटारसायकलवर निघाले आणि लातूरच्या रस्त्यावर उभ्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून जागीच गेले.

“एवढंच असतं तरी...” मन्मथ म्हणाला. “गावात लोक म्हणायलेत, पोरीनं कायतरी केलं, त्याबिगर क्लासवाले बापाला बोलावतेत का? चुलत्यानं होस्टेलातून सामान नेलं तिचं. शाळा बंद. तेराव्यानंतर पाहुणे येणार हायेत बघायला.”

महामाया थेट सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणाली, त्या घरी जाऊन खरं सांगायला पाहिजे. सर शांतपणे म्हणाले, “आपण काही खोटं लिहिलं का? आणि त्यांनी मेल उघडलेला नाही, तशी नोंद आहे. तू गेलीस तर क्लासचं नाव जाईल. जायचं असेल तर इकडे परत येऊ नकोस आणि आदर्शचंही बघ.” ती बाहेर आली. मला तिने एवढंच विचारलं, “अप्पा, शिल्पाच्या त्या मेलची प्रिंट काढून देता?”

मी काढून दिली. तेरावं झाल्यावरच्या रविवारी तिच्याबरोबर एसटीने गेलो. एवढं तरी माझ्याने झालं. नोकरी मी सोडली नाही, ती मी अजून करतो.

ओसरीवर शेषेरावांचे थोरले भाऊ अण्णाराव बसले होते. खांबाला टेकून केवळाबाई, शेषेरावांच्या मालकीण. शिल्पा आतल्या दाराच्या कडेला उभी होती. बापाच्या दुःखात रडायलाही तिला कोणी मोकळं सोडलं नव्हतं, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

महामायाने आपण कोण ते सांगितलं, ओळ आपणच लिहिली हेही सांगितलं. केवळाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “खरं सांग बाई. माझ्या पोरीनं काय केलं व्हतं?”

“काहीच नाही.”

“मंग आत काय लिव्हलं व्हतं?”

महामायाने कागद काढून वाचला. ‘प्रिय पालक, चाचणी मालिकेवर वीस टक्के सवलत, आज रात्री बारापर्यंत.’ खाली सरांची सही. केवळाबाईंनी कागद घेतला आणि उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी तो पुन्हा सुलटा केला.

अण्णाराव म्हणाले, “वीस टक्क्यांसाठी कोण आसं लिहितं का? येडे समजता आम्हाला? पोरीचं झाकायला पाठवलंय तुम्हाला.”

खरं होतं ते इतकं फालतू होतं की त्यावर कोणाचा विश्वास बसावा तरी कसा? महामायाने आपला मोबाइल काढला. वडिलांना गेलेला मेल तिने स्वतःकडे मागवून घेतला होता. तो तिने केवळाबाईंपुढे धरला आणि अण्णारावांनाही दाखवला. “ही ओळ बघा. ‘आदर्शबद्दल तातडीचे, आजच संपर्क करा.’ आदर्श माझा भाऊ आहे. हा मेल माझ्या बाबांना गेला. त्याच दिवशी, त्याच वेळी. तेवीसशे लोकांना हीच ओळ गेली, नाव तेवढं बदलून. तुमच्या शिल्पाबद्दल त्यात काहीच नव्हतं.”

अण्णारावांनी चष्मा लावून कागदावरची आणि मोबाइलवरची, दोन्ही ओळी जुळवून बघितल्या. त्यांनी मोबाइल परत दिला आणि उठून अंगणात गेले.

केवळाबाईंनी विचारलं, “मंग तुझा बाप बी निघाला आसंल?”

“नाही. त्यांनी आधी उघडून वाचलं.”

“वाचाया येतंय त्येला.”

“हो.”

“म्हंजे हाय तुझा बाप.”

महामायाने मान हलवली आणि पदरासारखी ओढणी तोंडाशी धरली.

केवळाबाईंनी कागदाची घडी घातली, कनवटीला खोचली आणि मागे न बघता म्हणाल्या, “शिल्पे, कपडे भर. पाहुण्यांना नगं म्हनून सांगू. दुसऱ्या कुठल्या बी क्लासला जा, पन शीक.” आत ती पोरगी मोठ्याने रडायला लागली, इतक्या दिवसांनंतर.

मग केवळाबाई महामायाकडे वळल्या. “तू सांगाया आलीस, लई झालं. आता पुन्हा या दारात येऊ नको.”

आम्ही उठलो.