एन्झाइम घडवणारी बाई

अकोल्याहून अमरावतीला परतताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली. पन्नाशीची, सुती साडीतली, बोलणं थेट तिवशाकडचं, वऱ्हाडी. खिडकीशी माझी नऊ वर्षांची लेक झोपली होती. माझ्या हातात तिचा डीएनएचा रिपोर्ट होता. सहा वर्षं तिचे पाय चालता चालता लुळे का पडत होते, ते त्या कागदाने सांगितलं होतं. डीएनएतलं एक अक्षर बदललेलं. त्यावर औषध आहे, असं डॉक्टर म्हणाले होते.

"पाहू का?" तिने विचारलं. ओळीखाली बोट धरून तिने सगळा रिपोर्ट वाचला. "हे अक्षरं ज्याच्यानं वाचतात, ते एन्झाइम आमी बनवतो. बेंगळुरूले."

मला कळेना. तिने उजवा हात अर्धवट मिटला. "डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम असं असते. तळवा, बोटं, अंगठा. वाचासाठी डीएनएच्या चारी अक्षरांले चार रंग लावा लागते. पण रंग लावला का अक्षर जाड होते, निसर्गातलं एन्झाइम ते घेतच नाही. मंग आमी एन्झाइमच बदलतो." तिने एक बोट किंचित मागे घेतलं. "एवढीशी जागा कराची. अकरा वर्षं लागली. एक बदल केला का ते कामच सोडून दे."

"आणि जमलं तेव्हा?"

"मशीनवर चारी रंग दिसले. मी चप्पल काढून उभी राहिली."

बडनेऱ्याला ती उतरली. नाव विचारायचं राहिलं. माझी लेक जन्मायच्या आधीपासून कुणीतरी तिच्यासाठी खपत होतं, हे मला अजून कुणाला नीट सांगता येत नाही.