तिला दिलेली दुसरी पसंती

बेल वाजवली की ती दोन पावलं मागे सरून उभी राहायची. दार उघडणाऱ्याला कुणी अंगावर आल्यासारखं वाटू नये म्हणून. आयर्लंडमधल्या नास गावातल्या आमच्या वसाहतीत ती प्रचाराला फिरली, तेव्हा मी, निवृत्त डॉक्टर, पत्रकं घेऊन तिच्या मागे असे. एखाद्यानं तोंडावर दार लावलं तरी इथल्या लोकांसारखं म्हणायची, "ग्रँड. पुढचं घर, काका."

डब्लिनजवळच्या सिटीवेस्टमध्ये नोकरी, दोन मुलं, आणि त्यात काउंटी काउन्सिलची, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेची उमेदवारी. कारण एकच. शाळेच्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. "कुणीच उभं राहत नाही, मग मीच राहते," म्हणाली.

एका आयरिश म्हातारीनं तिला विचारलं, "मूळची कुठली गं तू?"

"मागच्या गल्लीतली. तुमचा कुत्रा माझ्या गुलाबांत येऊन झोपतो."

म्हातारी इतकी हसली, की चहा पाजल्याशिवाय सोडेना. परतताना ही म्हणाली, "इथल्यांची थोडी मतं मिळतील, काका. आपली तर आहेतच."

आपली, म्हणजे वसाहतीतल्या भारतीयांची. इथे मतपत्रिकेवर उमेदवारांना एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे द्यायचे असतात. एक नंबरवाला शर्यतीत असेतो त्याच्याखालचा दोन नंबर कुणी बघत नाही. हे मला ठाऊक होतं. पण पुन्हा उभ्या राहिलेल्या जुन्या काउन्सिलरनं आमच्या गणपतीला हॉल मिळवून दिला होता, आणि मी मंडळाचा अध्यक्ष. ती नसताना मी आपल्या सगळ्या घरांना सांगितलं, "एक त्याला, दोन आपल्या मुलीला. कुणी दुखवायला नको." तिला इतर लोक एक नंबर देतील, असं आम्ही प्रत्येक जण धरून चाललो.

मोजणीच्या हॉलमध्ये कठड्यामागून पत्रिका दिसतात. आमच्या वसाहतीची पेटी उघडली. त्याला एक, तिला दोन. पुढची पत्रिका तशीच. त्याच्या पुढचीही.

"काका, हे सगळं एकसारखंच कसं?"

"काय माहीत," मी म्हणालो.

एक नंबरची मतं कमी पडल्यानं मोजणीच्या सुरुवातीच्याच फेऱ्यांत ती बाद झाली. तो निवडून आला.

त्या गणपतीत जेवताना मी मोठ्यानं बोललो, "गोरे आपल्याला मत देत नाहीत हो." ती मसालेभात वाढत होती. माझ्या ताटापाशी थांबली. "त्या आजीनं दिलं होतं, काका. येऊन सांगितलं मला." आणि पुढच्या ताटाकडे वळली.

पुढे नवऱ्याला स्लायगोच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ते कुटुंब तिकडे गेलं. मागे राहिलं ते गोऱ्यांबद्दलचं माझं वाक्य. नवी येणारी मुलंही आता तेच म्हणतात.

म्हणून या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी उभा राहिलो. तिला गोऱ्यांनी नाही, आपण पाडलं, माझ्या सांगण्यावरून, असं सांगितलं. एक जण मला समजावल्यासारखं म्हणाला, "पण काका, आपण दोन नंबर तर दिलाच होता ना तिला?"

मी दमलो होतो. तरी खुर्ची ओढून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. ती इथे असती, तर 'ग्रँड, काका' म्हणत तिनं मला सांगू दिलं नसतं.