पृथ्वी तापते आहे, व्हय म्हाराजा

चार माणसं जगाचं भलं करायला निघाली की जगाचं काय होतं ते जगाला ठाऊक, किस्से मात्र भरपूर साठतात. आम्ही तर तिघंच होतो, तरी इतके साठले की रत्नागिरीत आज आमच्या मंडळाचं नाव कुणाला आठवत नाही. किस्से सगळ्यांना पाठ.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पृथ्वी तापते आहे, ही बातमी तेव्हा पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात यायची. आम्ही ती गावोगाव जाऊन सांगायची ठरवली. आपटे सर भूगोल शिकवायचे, स्वभावाने कायम अमावस्या. कदम बँकेत, ते बारा महिने पौर्णिमा. मी टेलिफोन ऑफिसातला, त्यामुळे अकलेचं काम माझ्याकडे नव्हतं. मी कॉलेजातून मागून आणलेला स्लाइड प्रोजेक्टर उचलायचो. वाटणी अशी, की आधी आपट्यांनी घाबरवायचं आणि मग कदमांनी धीर द्यायचा.

*

'ग्रीनहाऊस'चं आपट्यांनी शुद्ध मराठी केलं होतं, हरितगृह. पहिल्याच गावात ते तावातावाने म्हणाले, "ह्या हरितगृहामुळे आपण सगळे संकटात येणार आहोत."

भाषण संपल्यावर मागून एक आजोबा उठले. "गुरुजी, ह्ये हरितगृह सरकार कौलारू देनार का पत्र्याचं? पत्र्याचं असंल तर नको. मरनाचं तापतं."

कदम आपट्यांच्या कानाशी लागले. "सर, ह्यांना विषय बरोब्बर समजला."

*

आपटे सर राहायचे मांडवीला. गॅलरीत उभं राहिलं की समोर समुद्र. दारावर मासळी घेऊन यशोदाबाई यायची. एकदा सरांनी तिलाही सोडलं नाही. "यशोदाबाई, समुद्र चढतोय. एक दिवस तुझ्या दारात येईल."

तिने बांगडे निवडता निवडता वरसुद्धा पाहिलं नाही. "येऊ दे की, सर. एवढी वर्सं मीच त्याच्या दारात जातेय."

सर त्या दिवशी बांगडे घ्यायचे विसरले आणि घरी बोलणी खाल्ली.

*

एका गावात कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात होता. आता आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते तुम्हाला माहीत असेल. एकाने म्हणत जायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आपट्यांचा आवाज खर्जातला, आणि वाक्यावाक्याला थांबायची सवय.

"जंगलं तुटली," सर म्हणाले आणि थांबले. कोपऱ्यातून कुणीतरी सवयीने म्हणालं, "व्हय म्हाराजा."

"पाऊस बिघडला." आता अर्धा मंडप. "व्हय म्हाराजा!"

"समुद्र चढणार!" "व्हय म्हाराजा!" ह्या वेळी कौलं हलली.

सर लालबुंद झाले. "अहो, हो काय म्हणताय? ह्याला नाही म्हणायचं असतं!"

तिथला म्हातारा पुजारी शांतपणे म्हणाला, "गाऱ्हानं झ्याक घातलंत, गुरुजी. पन मागितलंत काय? मागायचं ऱ्हायलं की."

परतीच्या एसटीत सर आम्हाला सोडून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढे महिनाभर मी ऑफिसात 'हॅलो'च्या जागी 'व्हय म्हाराजा' म्हणायचो, तेही त्यांच्या कानावर गेलं.

*

सावर्ड्याला मात्र हसण्यावारी नेण्यासारखं झालं नाही. आपट्यांनी बुडालेल्या गावांच्या स्लाइड दाखवल्या, "किनाऱ्यावरची घरं आधी जाणार" असं म्हणाले, आणि लाइट गेली. ती आलीच नाही. कदमांचा धीर त्यांच्या घशातच राहिला. लोक चाचपडत घरी गेले, आणि भीती तेवढी बरोबर घेऊन गेले.

त्या लोकांत रामभाऊ होते. त्यांच्या सुमनचं हर्ण्याला ठरलं होतं. मुलगा शाळामास्तर, घर अगदी किनाऱ्याला. दुसऱ्या दिवशी रामभाऊंनी निरोप धाडला, "लग्न मोडलं. लेकीला पान्यात देनार न्हाय."

आठवडाभराने सुमन स्वतः रत्नागिरीला आली आणि आपट्यांच्या गॅलरीत उभी राहिली. आम्ही तिघंही तिथेच चहा पीत होतो. डोळे रडून सुजलेले, पण आवाज ठणठणीत. "तुमी अर्धंच सांगून आलात. उरलेलं आमच्या बाबांना सांगून या. मला त्याच घरात जायचंय."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. जगाला सावध करायच्या नादात आम्ही एका पोरीचं लग्न मोडलं होतं.

*

तर आम्ही पुन्हा सावर्ड्याला गेलो. ओटीवर रामभाऊ आणि चार भाऊबंद बसलेले, दाराआड सुमन. ह्या वेळी कदमांनी आधी सुरुवात केली. झाडं लावू, सूर्यचुली येतील, शास्त्रज्ञ बसलेत ना, हर्ण्याला काहीसुद्धा होणार नाही. एवढं गोड बोलले की मलाच हर्ण्याला सोयरीक करावीशी वाटली.

रामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "ह्ये पाव्हनं मुलाकडचं काय?"

रामभाऊ आपट्यांकडे वळले. "गुरुजी, तुमी बोला. तुमी कडू बोलता, पन खोटं न्हाय. समिंदर चढनार?"

दाराआडची बांगडी वाजायची थांबली. मी मनात म्हटलं, सर, आयुष्यात एकदाच थाप मारा.

"चढणार," सर म्हणाले.

"तुमी कुठं ऱ्हाता?"

"मांडवीला. समुद्रासमोर."

"मग हललात का न्हाय?"

ह्या प्रश्नाला सरांकडे स्लाइड नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सकाळी तिथं बरं वाटतं."

रामभाऊ उठले, आतून नारळ आणला, देवाच्या फोटोसमोर ठेवला आणि हात जोडले. आम्ही सगळेच उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा, माझी लेक हर्ण्याला सासरी जातेय."

"व्हय म्हाराजा."

"त्यो समिंदर वर येतोय म्हनतात. त्याला तिच्या उंबऱ्याभायेर थांबव. कायमचा थांबव रे म्हाराजा!"

"थांबा," आपटे सर म्हणाले.

सगळ्यांचे हात जोडलेले, तोंडं 'व्ह'वर उघडलेली. कदमांनी कपाळावर हात मारला.

"कायमचं नको. होण्यासारखं मागा."

रामभाऊंनी एक डोळा उघडला. "मग कुठवर मागू?"

सरांनी दाराकडे पाहिलं. सुमन आता उंबऱ्यात येऊन उभी होती.

"हिची नातवंडं पोहायला शिकेपर्यंत," सर म्हणाले.

रामभाऊंनी डोळा मिटला आणि शब्द न बदलता देवाला तेवढंच सांगितलं.

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. सगळ्यांत मोठा आवाज आपटे सरांचा होता.