डावीकडे वळलेला बाण

मी पेंटर. उभी हयात औरंगपुऱ्यात पाट्या रंगवण्यात गेली. देवाला हात जोडतो, पण भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जायचो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते... पण लिहिणं भाग आहे.

माझी सून मानसी कॉम्प्युटरवर खोटे कारखाने बनवते. कामगार डोळ्यांवर हेडसेट लावतो, आत आग लागते, धूर होतो आणि बाण बघत बाहेर पडायचा सराव होतो. परवा दुपारी बजाजनगरच्या घरी ती म्हणाली, "बाबा, पाट्या नीट दिसतात का बघा ना. तुमच्याएवढं कुणाला कळतं?"

"या वयात गेम खेळायला लावतीस व्हय?" म्हणत मी हेडसेट चढवला.

धुरात हिरवे बाण स्पष्ट दिसत होते. शेवटच्या वळणावर मात्र पाय थांबले. तिथला बाण डावीकडे होता. टोकाखाली रंगाचा लांब ओघळ.

लॅपटॉपवर तेच बघणारी मानसी म्हणाली, "अहो, हा डावीकडे कसा? दार तर उजवीकडे आहे. आणि हा ओघळ कुणी काढला?"

तिनं फाइल बंद करून पुन्हा उघडली. बाण उजवीकडे. ओघळ नाही.

तो बाण मी ओळखला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात मी आणि माझा जोडीदार युनूस बाण रंगवत होतो. वळणाच्या बाणाचा पत्र्याचा साचा एकच – सुलटा धरला की उजवा, पालथा धरला की डावा. आधीचा बाण डावा होता; शेवटचा मारताना साचा परत सुलटा करायला मी विसरलो. जेवायच्या घाईत ओघळही पुसला नाही. पुढे तिथं आग लागली. त्या बाणामागे एक कामगार बंद गोदामाकडे पळाला, तो वाचला नाही. चौकशीत मी युनूसकडे बोट दाखवलं. त्याला कुणी काम देईना, तो पाचोडला निघून गेला. त्या ओघळाबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पाचोड गाठलं. दारातूनच म्हणालो, "युनूस, तो बाण माझा होता."

"मेरेकू तवाच मालूम था, नाना," तो म्हणाला. "मला काय सांगतो? पोराला सांग. त्यो लई वर्षं मला खुनी समजून बसलाय."

त्यानं मुलाला हाक मारली. मी सगळं सांगितलं. मुलगा उठून बापाला चिकटून बसला.

मानसीनं सगळी फाइल तपासली, तिला काही सापडलं नाही. तिच्या कारखान्यातला बाण कुणी फिरवला, ते मला ठाऊक नाही. वाळूजचा मात्र मी रंगवला होता. युनूसनं नाही.